लाल चिंध्यांची हद्द

कुलूपवाल्याचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष होता असंही नाही. धंदाच तसला. रस्त्याच्या वळणावर त्याचं चिंचोळं दुकान, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, आणि दिवसाआड कुणीतरी येऊन म्हणणार, किल्ली हरवली, जरा घर उघडून द्या. हा आधी शेजाऱ्याला विचारणार. मग म्हणणार, दार उघडल्यावर समोर काय दिसतं ते सांगा. माणूस कपाट म्हणाला आणि आत पलंग निघाला, की दार पुन्हा बंद. गोड बोलणाऱ्याला तर तो पायरीवरच तिष्ठत ठेवी. "कडू माणूस शिव्या देऊन जातो," तो म्हणे, "गोड माणूस भांडी घेऊन जातो."

अशा माणसाच्या नातीला लेकीनं घातलं कुठं, तर जंगलातल्या बालवाडीत. वस्ती संपते तिथं एक लाकडी फाटक, आत एक छप्पर, आणि पुढं नुसती झाडं. बाक नाही, फळा नाही.

"भिंत नाही, दार नाही," कुलूपवाला म्हणाला. "पोरं ठेवतात कशात?"

"ठेवत नाहीत, बाबा. खेळतात ती तिथं. खेळता खेळता शिकतात."

"शेळ्याही तेच करतात. त्यांना कुणी फी मागत नाही."

लेक दवाखान्यात नर्स, जावई बोटीवर. पोरीला आणायला-सोडायला घरात हाच. बापाशी वाद घालण्यात राम नाही, हे लेक लहानपणीच शिकली होती. ती म्हणाली, "तुम्हीच सोडा, तुम्हीच आणा. हवं तर तिथं बसून बघा. महिनाअखेर नको म्हणालात तर काढून घेते तिला. पण कारण दाखवायचं. नुसता वास आला म्हणून नाही."

मग काय, दुकान उशिरा उघडायला लागलं आणि कुलूपवाल्यानं छपराजवळच्या ओंडक्यावर ठाण मांडलं. कारण शोधायला लांब जावं लागणार नाही असा त्याचा अंदाज होता. बालवाडीची ताई दिवसभर करायची काय, तर बघायची. पोरं चिखलात बसली, बघते. एकजण झाडावर अर्ध्यात अडकून रडतोय, बघते. फार तर बुंध्याशी जाऊन म्हणणार, "डावा पाय कुठं ठेवलास? आता उजव्याला जागा शोध." उचलून खाली घेणं नाही. पोरांच्या हाती करवत द्यायची, तीही खरी, दातवाली. नात, जिला घरात सगळे ठिणगी म्हणत, नखांत माती भरून परतायची. काय शिकलीस विचारलं तर म्हणे, "मुंग्या त्या दगडाला वळसा घालतात."

"का घालतात?"

"ते उद्या बघायचंय."

पगार घेऊन बसायचं आणि पोरांना सांगायचं, तुमचं तुम्ही शोधा. यात कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं त्याला पक्कं कळलं. कुठं, तेवढं सापडत नव्हतं.

सगळ्यात जास्त डाचल्या त्या चिंध्या. पोरांनी कुठवर जायचं त्याची खूण म्हणून झाडांना लाल चिंध्या बांधलेल्या. पलीकडे उतार, उताराखाली ओढा. रोज सकाळी पोरं रांगेनं जाऊन चिंधीच्या एकेका झाडाला हात लावून यायची, मगच खेळ सुरू.

"चिंधीनं पोर अडतं होय, बाई?" त्यानं विचारलं.

"चिंधीनं नाही, आजोबा. ती त्यांनीच बांधलीय, म्हणून अडतात," ताई हसून म्हणाली.

ती हसली, तिथंच बिनसलं.

त्या दुपारी ठिणगीला लेकीच्या हवाली करून कुलूपवाला एकटाच परत आला. फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतंच. त्यानं ओढ्याकडच्या चिंध्या सोडल्या आणि चांगल्या आतल्या बाजूच्या झाडांना करकचून बांधल्या. म्हटलं, एवढ्याशा पोरांना काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी रांग निघाली आणि ओढ्याच्या बाजूला येऊन थबकली.

"हे झाड आपलं नाही," पुढची पोरगी म्हणाली. "आपलं खडबडीत आहे."

पलीकडच्या झाडांवर चिंधी सुटल्या जागी सालीचा फिकट पट्टा राहिला होता. तो दाखवला ठिणगीनंच. मग ओल्या मातीत बुटाचा ठसा सापडला. एकानं काठी आणली, ठशाशेजारी धरली आणि तेवढीच मोडून घेतली.

ताईनं सगळ्यांना छपराखाली बसवलं. तिचा चेहरा उतरला होता. "कुणीतरी परकं माणूस आत फिरून गेलंय," ती कुलूपवाल्याला हळूच म्हणाली. "जंगलखात्याला कळवावं लागेल. ते परवानगी काढून घेतील. संपलं मग."

लेकीला कारण हवं होतं, ते चालत दारात आलं होतं. कुलूपवाल्यानं फक्त तोंड मिटून बसायचं. पण एवढंही जमलं नाही त्याला.

"उघड्यावरची जागा," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तोवर पोरांनी काठीनं पाय मापायला घेतले होते. ताईचा लहान भरला. सरपण टाकायला आलेल्या गाडीवाल्यानं हसत पाय पुढं केला, त्याचा लांब निघाला. मग काठी ओंडक्यापाशी आली. ती ठिणगीच्या हातात होती.

"आजोबा, पाय द्या."

"मी काय चोर आहे?"

"माहीत नाही. मापल्यावर कळेल."

"घरच्या माणसाचा पाय मापतेस?"

"सगळ्यांचा मापायचा असतो. नाहीतर ते शोधणं नाही."

त्यानं पाय पुढं केला. काठी टाचेपासून टोकापर्यंत बसली. गिऱ्हाइकाचं तोंड निरखावं तसं तो नातीचं तोंड निरखू लागला. आता ही झाकणार, त्याला वाटलं. आपलंच रक्त. आणि झाकावं असंही वाटलं, ते त्याला आवडलं नाही.

"जुळलं," ठिणगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण एवढा बूट कुणाचाही असेल. आजोबांची टाच एका बाजूनं झिजलीय. ठसा परत बघून येते."

ती निघाली. ती ठशापाशी पोचल्यावर बोललं तर ते कबूल करणं नव्हतं, सापडणं होतं.

"थांब गं," कुलूपवाला म्हणाला. "मीच बांधल्या."

"का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तुम्ही ओढ्यात पडाल म्हणून."

"आम्ही कधीच नाही पडलो," रांगेतली पहिली पोरगी म्हणाली. "आता हद्द कुठली तेच कळेना. आता पडलो असतो."

ताईनं आवाज चढवला नाही. "खात्याला कळवायची गरज नाही, माणूस परका नव्हता," ती म्हणाली. "पण उद्यापासून फाटकाच्या आत यायचं नाही, आजोबा."

संध्याकाळी सगळं ठिणगीकडून ऐकून झाल्यावर लेकीनं विचारलं, "मग? काढायचं का नाव?"

"राहू दे," कुलूपवाला म्हणाला. "कोण घरचं, कोण दारचं, बघत नाहीत तिथं. सरसकट मापतात." त्यानं बूट उलटा करून झिजलेली टाच बघितली. "त्या बाईचं मात्र मला कळत नाही. एवढं होऊनही ओरडली नाही. न ओरडणाऱ्या माणसाचा भरवसा नसतो."

सकाळी त्यानं पोरीला फाटकावर सोडलं आणि तिथंच रेंगाळला. आत रांग लागली होती, पण हलत नव्हती. सगळी पोरं त्याच्याकडेच बघत होती.

"आजोबा, जा ना," ठिणगी कडी लावत म्हणाली. "तुम्ही गेल्याशिवाय कुणी सुरू करत नाही."

तो निघाला. वळणावर येऊन मागं पाहिलं, तर कालची ती पहिली पोरगी फाटकावर चढून, तो खरंच गेला का ते बघत होती.