कर्ता विचारणाऱ्या गायकवाडबाई

"काच फुटली," असं गायकवाडबाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. "आपोआप? कर्ता कुठाय वाक्यातला?" त्या लगेच विचारायच्या. खडकीच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. पुढे त्यांच्या समोरच्याच दारात मी राहायला गेले, तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. व्याकरण मात्र निवृत्त झालं नव्हतं. दूध नासलं, लग्न मोडलं, गाडी चुकली, प्रत्येक वेळी कर्ता सांगावा लागे. बरेचदा तो मीच असे.

बाईंचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. ते लवकर गेले आणि बाईंनी एकट्यानं मिलिंदला वाढवलं. तो आखातातल्या एका तेल प्रकल्पात तंत्रज्ञ होता. दर शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, इथं सगळं ठीक आहे." "सगळं म्हणजे काय काय, ते सांग." मग तो हसत जेवणापासून चपलांपर्यंत सगळं सांगत बसे.

त्या सकाळी मी खराडीला ऑफिसला निघाले होते. बाईंचं दार उघडं होतं. "स्वाती, जरा आत ये गं," त्या म्हणाल्या. टीव्हीवर टाक्या पेटलेल्या दिसत होत्या. तेल प्रकल्पावर ड्रोन हल्ला झाला होता. मिलिंदचा फोन लागत नव्हता. निवेदक पेट्रोल किती महागेल ते सांगत होता. मी टीव्ही बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "असू दे. माणसांचं काही सांगतील."

माणसांचं कंपनीनं सांगितलं, दोन दिवसांनी, फोनवर. मिलिंद रात्रपाळीला होता. शवपेटी आली ती न उघडण्याच्या सूचनेसकट. बाईंनी तिच्यावर हात ठेवला, उचलणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "इतकी हलकी कशी?" त्या रडल्या नाहीत.

मग जगभर दोषारोप सुरू झाले. एका बंडखोर गटानं हल्ला आपणच केल्याचं सांगितलं. एक बलाढ्य देश म्हणाला, यांची एवढी कुवत नाही, हे यांच्या पाठीराख्या देशाचं काम. त्या देशानं कानावर हात ठेवले. ड्रोनचे जळके तुकडे टेबलावर मांडून दाखवले गेले. देशोदेशीच्या प्रतिनिधींची तातडीची बैठक भरली आणि तीव्र शब्दांत निषेध करून उठली.

"कोणाचा निषेध केला?" बाईंनी मला विचारलं.

"हल्ल्याचा."

"म्हणजे पावसाचाच निषेध म्हणायचा."

एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन आली. "आई, या हल्ल्यामागे कोणता देश आहे, असं तुम्हाला वाटतं? त्याला काय शिक्षा व्हावी?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हालाही माहीत नाही. एवढं तरी दाखवा."

ते दाखवलं नाही. दाखवल्या त्या मिलिंदच्या फोटोकडे बघणाऱ्या बाई, मागे सनई, आणि खाली त्या पाठीराख्या देशाचं नाव लिहून प्रश्नचिन्ह.

काही महिन्यांनी त्या देशाच्या तेलबंदरावर बॉम्ब पडले. तेव्हा कोण पाडतंय हे कोणी लपवलं नाही. बाईंचे धाकटे दीर भास्करराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. ते मिलिंदला खांद्यावर घेऊन हिंडलेले होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "वहिनी, आपल्या मिलिंदचा हिशोब चुकता झाला!"

"तिथं पाळीवर कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"बंदरावर, भावजी. कामाला कोण होतं?"

भास्करराव माझ्याकडे बघायला लागले. बाई खुर्चीवरून उठल्या, भिंतीला धरून कशाबशा स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि तिथंच खाली बसल्या. मग त्या रडल्या. पेटी आली त्या दिवशीचं, चितेचं, सगळं रडणं त्या दुपारी बाहेर पडलं. मी त्यांना धरून बसले होते. "तिथल्या कामगारांच्याही घरी आता फोन जातील गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मिलिंदच्या वर्षश्राद्धाऐवजी घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याला पुण्य अर्पण करण्याचा, कार्यक्रम होता. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण झालं. भंतेजी मिलिंदचं नाव घेणार, इतक्यात बाई हात जोडून म्हणाल्या, "भंतेजी, बंदरावर मेलेल्या कामगारांनाही यात घ्या."

"वहिनी, ज्यांनी आपलं पोर खाल्लं, त्यांची माणसं?" भास्करराव म्हणाले.

"कोणी खाल्लं, ते अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि ती माणसं तर फक्त कामावर गेली होती."

भास्करराव उठले, चपला घालून निघून गेले. बाईंनी त्यांना हाक मारली नाही, पण जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत त्या दाराकडे बघत राहिल्या. दिराचा आधार होता त्यांना. तोही त्या दिवशी गेला.

भंतेजींनी हलक्या आवाजात विचारलं, "त्यांची नावं?"

"मला माहीत नाहीत," बाई म्हणाल्या. "त्यांच्या आयांना माहीत आहेत."

भंतेजींनी डोळे मिटले आणि गाथा सुरू केली.