अवंतीचं प्रेशर

नलिनीताईंचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले आणि इथलेच झाले. नलिनीताईही इथेच नर्सिंग शिकल्या. आता एकवीस वर्षं त्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर आहेत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सिझेरियनसाठी पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर एका बाईचं प्रेशर धाडकन उतरलेलं त्यांनी पाहिलं. बाई वाचली, पण तिचा पांढराफटक चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. तेव्हापासून टेबलावर घेण्याआधी त्या प्रत्येकीजवळ घटकाभर बसून कुणाचं प्रेशर उतरेल याचा अंदाज घेतात.

राजगढला दिलेली अवंती बाळंतपणाला माहेरी आली होती. जुळं होतं, पोट अवाढव्य, कळा सुरू झालेल्या; सिझेरियन करायचं ठरलं होतं. काल दुपारपासून काही खाल्लं नाही, भीतीनं पाणीही धड प्यायली नाही, असं तिच्या आई इंदिराबाईंनी सांगितलं. नुसती पडून असतानाही नाडी एकशेपंधरा. फाईल चाळली, तर नऊ महिने प्रेशर शंभराच्या आतबाहेरच.

नलिनीताई तडक भूल देणाऱ्या रत्नाकर डॉक्टरांकडे गेल्या आणि एकेक गोष्ट सांगितली. डॉक्टर वयानं लहान, पण ऐकून घेणारे.

"हिचं प्रेशर खाली जाणार, असं वाटतं तुम्हाला?"

"जाणारच, सर. आपण आधीच तयार राहू."

डॉक्टरांनी प्रेशर वर आणायचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं. पाठीत भूल देतानाच सलाईन जोरात सोडलं. अवंतीला आडवं करताच नलिनीताईंनी तिच्या उजव्या कुशीखाली चादरीची गुंडाळी सारली, म्हणजे पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये. मग मिनिटामिनिटाला प्रेशर मोजणं सुरू झालं.

तिसऱ्या मिनिटाला अवंती पुटपुटली, "सिस्टर, घबराहट होतेय. उलटी येईलसं वाटतंय."

आकडा ब्याऐंशी. डॉक्टरांचा हात तोवर सिरिंजवर गेलाच होता. नलिनीताई तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "होतं असं. आत्ता बरं वाटेल बघ."

शहाण्णव. मग एकशेआठ. अवंतीच्या ओठांवर रंग परतला. थोड्याच वेळात मुलगी रडली, पाठोपाठ मुलगा.

बाहेर इंदिराबाई दाराला खिळून उभ्या होत्या. तिघंही चांगली आहेत, हे ऐकताच त्या मटकन बाकावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. नलिनीताईही शेजारी टेकल्या. सकाळपासून आपण चहासुद्धा घेतलेला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. इंदिराबाईंनी थर्मास उघडला. दोघींनी एकाच झाकणातून आळीपाळीनं चहा घेतला.