गणपतमामांची ट्रॉली आणि वीतभर जास्तीचे रूळ

रेल्वेवेड्यांचा कार्यक्रम आणि निघालो एसटीने, इथूनच माझा गोंधळ सुरू झाला. माझे यजमान नांदेडच्या 'रूळमित्र' मंडळाचे हौशी सभासद. आयत्या वेळी त्यांची कंबर धरली आणि त्यांच्या जागी लातूरला मी गेले. रेल्वेने परभणी, परळी असा मोठा वळसा पडतो, म्हणून ही मंडळीसुद्धा बसच पकडतात, हे मला स्टँडवर गेल्यावर कळलं. तुम्हाला जायचं असेल तर लोहा-अहमदपूरमार्गे जाणारी सकाळची गाडी बघा. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्ता बरा आहे, पण खिडकीची जागा उन्हाच्या बाजूची घेऊ नका.

मंडळाचे प्रमुख वाघमारे काका निवृत्त मास्तर आहेत. वाटेत त्यांनी मला सगळं समजावलं. लातूरला पूर्वी नॅरोगेजची छोटी गाडी यायची. ती बंद झाली, रूळ उचलले गेले. त्या काळातली एक ढकलट्रॉली मंडळाला सापडली होती. चार चाकं, वर फळ्या आणि साहेबाला बसायला बाक. साहेब रूळ तपासत जायचा आणि ट्रॉलीमन रुळावरून अनवाणी पळत ती ढकलायचे. त्यांतले एक गणपतमामा, आता ऐंशीच्या पुढचे. जन्मभर ट्रॉली ढकलली, पण त्या बाकावर कधी बसले नाहीत. त्यांना आज तिथे बसवायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेणार होता, त्यामुळे आज नाही तर कधीच नाही. काका पुढे मीटरगेज, ब्रॉडगेज असं बरंच बोलले. सगळं रामायण ऐकून रामाची सीता कोण, अशी माझी गत झाली.

लातूरला उतरून आधी सुशीला खाल्ला. मुरमुऱ्यांचा हा तिखट नाश्ता चुकवू नका. मग रिक्षाने गावाबाहेर सोमनाथअप्पांच्या शेतावर गेलो. ट्रॉली इतकी वर्षं त्यांच्याच गोठ्यात कडब्याखाली पडून होती. गोठ्याच्या छपराला तुळई म्हणून घातलेले जुने रूळही अप्पांनी काढून दिले होते. नांदेडच्या मंडळींनी दोन-तीन रविवार खपून ते लाकडी स्लीपरांवर ठोकले होते. कडेला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. लिंबाखाली खुर्चीवर गणपतमामा पांढरंशुभ्र धोतर आणि फेटा घालून बसले होते.

चौघांनी ट्रॉली उचलून रुळांवर ठेवली. डावी चाकं रुळावर बसली आणि उजवी आत जमिनीवर आपटली. मग त्यांनी ट्रॉली उलटी फिरवून ठेवली. आता दुसरी बाजू आपटली. एकजण म्हणाला, चाकं झिजली असतील. दुसरा म्हणाला, उन्हानं रूळ पसरले. मी फक्त एकेकाचं तोंड बघत होते.

अप्पांनी घरातून टेप आणला. रुळांमधलं अंतर वीतभर जास्त भरलं.

तेव्हा उलगडा झाला. अंतर मोजायची एक जुनी लोखंडी दांडी या मंडळाकडे आहे. दसऱ्याला ते तिची हळदकुंकू वाहून पूजा करतात आणि तिच्याशिवाय कुठल्या कामाला हात लावत नाहीत. पण ती नांदेडच्या जुन्या मीटरगेजची. लातूरची लाइन त्याहून अरुंद होती, हे यातला प्रत्येकजण झोपेतही सांगेल. पण देवाच्या दांडीवर टेप कोण लावणार?

काका मटकन खाली बसले. "मला कळूनच नाही राहिलं, असं झालं कसं," एवढंच ते म्हणत होते. मला त्यांची फार कीव आली. अप्पा मात्र पहार घेऊन आले. एक रूळ जागेवर राहू द्यायचा, दुसऱ्याचे खिळे उपटून तो आत घ्यायचा, असं ठरलं. मामांचा मुलगा घाई करत होता. त्याला आम्ही पिठलं-भाकरी आणि ठेच्यात गुंतवून ठेवलं.

दुपार कलल्यावर ट्रॉली नीट बसली. मामांना धरून बाकावर बसवलं. मंडळी ढकलणार, तोच त्यांनी हात वर केला.

"मागं कोण बघून राहिलंय?"

काका म्हणाले, मामा, इथे कुठली गाडी येणार? रूळ तर बांधापाशीच संपतात.

"ते खरं हाय. पर साहेब पुढं बघायचे आन आमी मागं. मागनं गाडी आली की ट्रॉली उचलायची. मागं कुणी न्हाई, तर म्या पुढं कसं बघू?"

मागे बघायला माणूस हवा होता. रिकाम्या हाताची मी एकटीच होते. अप्पांनी माझ्या हातात लाल फडकं दिलं आणि मला ट्रॉलीच्या पाठीमागे, शेताकडे तोंड करून उभं केलं.

चाकांचा आवाज माझ्यापासून लांब गेला. लोक टाळ्या वाजवत होते, मग टाळ्या थांबल्या. माझ्यासमोर सोयाबीन आणि एक म्हैस. दोनदा मान वळवावीशी वाटली, पण वळवली नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

रात्री घरी पोचले. यजमान आडवे पडून वाटच बघत होते. मामा बाकावर कसे दिसत होते, हे त्यांनी दारातच विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी मागे बघत होते. या सगळ्यातलं मला अजूनही निम्मं समजलेलं नाही. एवढं कळतं, की माझ्या भरवशावर एक माणूस निवांत पुढे बघत बसला होता आणि त्याचं मला फार बरं वाटतंय.

यजमान कंबर सावरत उशीला टेकून बसले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "आली का गाडी?"

"नाही," मी म्हटलं. "ते उतरेपर्यंत नाही आली."