वेलांटीची वाटी

नाटक कंपनीत त्यांना सगळे पेटीकाका म्हणत. कारण काका कुठेही असोत, पत्र्याची ती काळी पेटी त्यांच्या हाताच्या अंतरावर असायची. नाटकात लागणारं बारीकसारीक सामान त्यांच्या ताब्यात असे. कधीच न वाजणारा फोन, लाकडी पिस्तूल, मेणाची सफरचंदं, आतून पोकळ असलेली जाडजूड पुस्तकं. मुकुटाला आतून चिकटपट्टी कुठे लावली आहे हे ज्याला माहीत असतं, त्याचा राजावर फारसा विश्वास उरत नाही. काकांचंही तसंच झालं होतं. पेटीत खरी म्हणावी अशी वस्तू एकच होती, एक लहानशी पितळी वाटी.

कंपनीचं सगळ्यात जास्त चाललेलं नाटक एका कादंबरीवरून घेतलेलं होतं. मुलगा घर सोडून दूरदेशी निघतो. आई रडत नाही, अडवतही नाही. कादंबरीत तिथे एवढंच वाक्य होतं, ‘उंबऱ्यावर वाटी ठेवून ती बाजूला झाली.’ वाटीत काय, ती कशासाठी, याचा खुलासा नाही. वाचकांनी आपापला अर्थ लावला. नाटकाच्या वेळी प्रकाशयोजना करणारा म्हणाला, वाटीत थोडं पाणी घाला, म्हणजे उजेड त्यावर पडून आईच्या चेहऱ्यावर हलेल. झालं. त्या पाण्यावर एक गाणं आलं, गाण्यावरून चित्रं निघाली, आणि बघता बघता घरातलं कुणी प्रवासाला निघालं की उंबऱ्याच्या कडेला अर्धी वाटी पाणी ठेवायची पद्धत पडून गेली. ती उचलायची माणूस परत आल्यावरच. कादंबरीचं नावही न ऐकलेले लोक आता छातीठोकपणे सांगत, की हे फार पूर्वीपासून चालत आलं आहे.

काकांच्या बायकोने कादंबरी वाचली होती, नाटक पाहिलं होतं, तरी काकांच्या प्रत्येक दौऱ्याला तिची स्टीलची वाटी ठरलेली.

“अगं, नाटकातली वाटी मी स्वतः बाजारातून आणलीय. तिच्यात काही नाही,” काका म्हणत.

“तुमच्या वाटीत नसेल. माझ्या वाटीत आहे.”

एकदा दौऱ्यात सामानाचा ट्रक वळणावर कलंडला. काकांचं गुडघा खरचटण्यावर निभावलं. घरी आल्यावर बायकोने आधी वाटी उचलली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

“ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक लावला म्हणून वाचलो,” काका म्हणाले. “वाटीला ब्रेक नसतो.”

“आणि ड्रायव्हरची बायको काय ठेवते दारात? विचारा जाऊन.”

काकांनी खरंच विचारलं. तीही वाटीच ठेवत होती. हे काकांनी घरी सांगितलं नाही.

यंदा एका तरुण दिग्दर्शिकेने तेच नाटक नव्याने बसवायला घेतलं. तालमीला तिने कादंबरीच्या लेखकांना बोलावलं. ते आता चांगलेच थकले होते, काठी टेकत आले. उंबऱ्याचा प्रसंग झाल्यावर ते हळूच म्हणाले, “छान आहे. फक्त मी वाटी लिहिली नव्हती.”

तालीम थांबली.

“मी लिहिलं होतं, ‘उंबऱ्यावर वाट ठेवून ती बाजूला झाली.’ मुलाला जायला तिने जागा दिली, एवढंच. छापखान्यात ट ला वेलांटी लागली.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” दिग्दर्शिकेने विचारलं.

“बोलणार होतो. आधी राग आला होता. मग एकदा मी इस्पितळात निघालो, तर सुनेने दारात वाटी ठेवलेली. आता तिला उचल म्हणून कसं सांगायचं?”

सगळे हसले. दिग्दर्शिकेला मात्र ते मूळ वाक्य फार आवडलं. ती म्हणाली, “काका, आपण वाटी काढू या. आई नुसती बाजूला होईल. रविवारच्या पेपरात माझी मुलाखत येतेय, त्यात हे सांगतेच.”

“बरं, बाई,” काका म्हणाले आणि वाटी पुसून पेटीत ठेवली.

खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. इतक्या वर्षांच्या वादात ते जिंकले होते. पण घराकडे जाताना त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. रविवारचा पेपर बायको पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, आणि रविवारी ते दौऱ्यावर असणार होते. ती एकटी चहा घेत बसली असताना पेपरने तिला हे सांगावं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

संध्याकाळी ती शेंगा सोलत बसली होती. काकांनी जमेल तितक्या साधेपणाने सांगून टाकलं.

“वाट?” तिने विचारलं.

“वाट.”

“म्हणजे ती त्याला जाऊ देत होती. आणि मी इथे...” तिने पुढचं वाक्य सोडून दिलं. मग हसली. “छापखान्याची चूक इतकी वर्षं घासूनपुसून ठेवत होते म्हणायचं.”

हसणं नेहमीचं नव्हतं. शेंगा सोलून झाल्यावर तिने फडताळात वेगळी ठेवलेली ती स्टीलची वाटी काढली आणि रोजच्या वाट्यांच्या चळतीत घालून टाकली. आता ती ओळखूही येणार नव्हती. काका पेपर डोळ्यांसमोर धरून बसले. अक्षर लागत नव्हतं.

सकाळी खाली ट्रकचा हॉर्न वाजला. बायकोने डबा हातात दिला, औषधाच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते दोनदा सांगितलं आणि दारापासून बाजूला झाली.

“निघा. वाट मोकळी आहे.”

चेष्टाच होती. पण काकांनी उंबऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा पाय उचलेना. नुसता स्वच्छ उंबरा. हॉर्न पुन्हा वाजला.

“काय विसरलं?”

काकांनी पेटी खाली ठेवली, कड्या उघडल्या. सफरचंदं बाजूला सारून पितळी वाटी काढली, स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली धरली, आणि गुडघ्यावर हात देत वाकून ती उंबऱ्यावर ठेवली. पाणी थोडं लादीवर सांडलं.

“अहो, ती नाटकातली आहे.”

“नाटकात लागत नाही आता.”

ती वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “इतके प्रयोग केलेत, अर्धी भरतात हे ठाऊक नाही? काठोकाठ भरलीत.”

“दौरा लांबचा आहे,” काका म्हणाले.

तिने वाटी उचलली, दाराशेजारच्या कुंडीत निम्मं पाणी ओतलं आणि वाटी उंबऱ्याच्या कडेला, भिंतीला लागून, नेहमीच्या जागी ठेवली.

“तिकडे मध्ये नाही. पाय लागतो,” ती म्हणाली. “आता निघा, तो हॉर्न वाजवून शेजाऱ्यांना उठवेल.”