मिशीची परवानगी

मुरुमला साड्यांच्या दुकानात कामाला लागलो तेव्हाच मालकांनी बजावलं, मिशी ठिवायची न्हाय. बायामाणसांचं गिऱ्हाईक, चेहरा सोज्वळ पाहिजे म्हणे. आता मिशीनं साडी आटते का? पण बोलायची सोय नव्हती. हळूहळू मालक दुकान ओलांडून आमच्या घरातच शिरले. सुट्टीदिवशी कुठं गेलतास, मटण का खाल्लंस, स्टेटसला असलं गाणं कशाला लावलंस. जीव नुसता मेटाकुटीला आला! आई मात्र खूश. "पोटच्या पोरावानी बघत्यात तुला," म्हणायची. त्यांच्या पोटच्या पोराला चांगली भरघोस मिशी होती, ते हिला दिसायचं न्हाय.

तिशी उलटली तरी माझं लग्न जमंना. आमच्याकडं सोयरीक म्हटली की पोरगं जिथं कामाला, तिथं आधी चौकशी. मालक पाव्हण्यांना चहा पाजून अभिमानानं सांगायचे, "मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत न्हाय." झालं! गेलेले पाव्हणे परत फिरकायचे न्हायत.

मग ढोकीचं स्थळ आलं. पोरगी शिवणक्लास चालवायची. फोटो बघितला अन् मी गारच पडलो. ही हातची गेली तर आपलं काय खरं न्हाय, असं वाटलं. तेवढ्यात मालक म्हणाले, "बघायला मी पण येतो." घ्या! त्यांच्याच गाडीतनं गेलो, त्यांनीच निवडलेला शर्ट घालून.

पोहे आले. पोरीनं मला थेट विचारलं, "सुट्टीदिवशी काय करता?"

"माझ्याकडं येतो, गोडाऊन आवरायला," मालक म्हणाले.

"अन् मिशी का काढलीय?"

"आमच्या दुकानाचा नियम हाय, बाळ."

तिनं बशी खाली ठिवली. "काका, मी तुमाला न्हाय विचारलं. लग्न ह्यांच्याशी करायचंय का तुमच्याशी?"

तिच्या वडलांना ठसका लागला. मालकांचा चमचा तसाच हातात. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मला ठिवायचीय मिशी. लई दिवसापास्नं."

पोरगी हसली.

चार दिवसांनी होकाराचा फोन आला तो त्यांनाच, कारण माझ्या बायोडाटावर नंबर त्यांचाच होता. फोन ठिवून त्यांनी घसा खाकरला अन् सगळ्या दुकानादेखत म्हणाले, "जमलं तुझं. पोरीला मिशी पाहिजे म्हणं. ठिव जा, परवानगी दिली म्या."

आनंदानं उडी मारायची सोडून माझं डोकंच सटकलं. "मालक, परवानगी मागितलीय कुणी?"

मालक माझ्या तोंडाकडं बघतच राहिले. ढोकीहून आल्यापास्नं मी वरच्या ओठाला वस्तरा लावलाच नव्हता, ते त्यांना तेव्हा दिसलं.