साहेबांच्या नळाला हळदकुंकू

हौसाबाईच्या गावची विहीर धरणात बुडाली त्याला आठ वर्षं झाली होती. पाण्यात विहीर बुडवून दाखवावी ती सरकारनेच! गाव उठलं, आणि नवरा दामू नि मुलगी तुळजा यांना घेऊन हौसाबाई मानकोलीच्या पुढे, मुंबईला पाणी नेणाऱ्या पाइपलाइनीच्या कडेला येऊन राहिली. झोपडीत ना नळ, ना दिवा. धरणाचं पाणी दारावरून घुमत मुंबईला जायचं. धरणाची वीज कुठे जायची ते देवाला ठाऊक. धामणकर नाक्यावर दामू कापडाच्या ज्या लूमवर राबायचा तो वीज जाऊन दिवसातून दोनदा बंद पडायचा.

त्यांच्या गावची रीत अशी, की हळदीच्या सकाळी पाच सवाष्णींनी गावच्या विहिरीला हळदकुंकू वाहायचं आणि तिथल्याच पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. विहीर बुडाली म्हणून रीत थोडीच बुडते? हौसाबाईने सरळ विचार केला. विहीर धरणात, धरणाचं पाणी पाइपात, म्हणजे पाइपात आपलीच विहीर. पाइपाच्या एका सांध्यातून बारीक धार गळायची. त्या सांध्याला तिने हळदकुंकू लावलं. बरोबरच्या धरणग्रस्त बायका आधी फिदीफिदी हसल्या. मग एकेकीच्या घरी लग्न निघालं तशा त्याही कळशी घेऊन मुकाट्याने सांध्यापाशी आल्या.

एक्याण्णव साली तुळजाचं लग्न ठरलं आणि हळदीला दोन दिवस उरले असताना पाणी खात्याचे साहेब जीपमधून उतरले. साहेबांचं धरणावर भारी प्रेम. नाक्यावरच्या समारंभात ते तासभर बोलले होते: धरण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न आटणारं पाणी आणि धूर न सोडणारी वीज! खोटं काही नव्हतं त्यात. फक्त कोणाच्या पिढ्या, तेवढं सांगायचं राहून गेलं. माईक मात्र भाड्याच्या जनरेटरवर चालला होता.

साहेबांनी गळका सांधा पाहिला, त्यावरचं कुंकू पाहिलं आणि नाक मुरडलं.

"ही पाण्याची नासाडी आहे, बाई. लोकांचं पाणी आहे हे."

"सायेब, परवा पोरीची हळद हाय," हौसाबाई हात जोडून म्हणाली. "दोन दिस थांबा. कळशीभर पानी घेते, मंग करा बंद."

"एक थेंबसुद्धा वाया जाता कामा नये," साहेब म्हणाले. संध्याकाळपर्यंत सांधा ठणठणीत कोरडा झाला.

दामू म्हणाला, "हातपंपाचं घे. पानी त्ये पानी."

"त्या पान्यानं न्हाली तर ती आपल्या गावची नवरीच न्हाय," हौसाबाई म्हणाली आणि रडली. घर गेलं तेव्हा ती रडली नव्हती. दामूशी ती दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलली नाही.

हळदीच्या सकाळी पाच सवाष्णी कळशा घेऊन निघाल्या त्या थेट साहेबांच्या कचेरीत. आवारात हिरवळ होती. नळाला लावलेली रबरी नळी हिरवळीवर टाकून माळी कुठेतरी चहाला गेला होता, आणि एक थेंबसुद्धा वाया न घालवणाऱ्या खात्याचं पाणी फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं. हौसाबाईने नळी काढली, पदराने नळ पुसला, हळदकुंकू लावलं आणि पायरीवर नारळ फोडला.

आवाज ऐकून साहेब धावत आले. "काय चाललंय हे? सरकारी नळ आहे हा!"

"आमची इहीर हाय ती, सायेब," हौसाबाई कळशी भरत म्हणाली. "आठ वर्सं झाली, कुठं गेली म्हनून बघत हुते. तुमच्या अंगनात घावली."

हौसाबाईने कळशी डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि परत फिरली. नळ अजून वाहत होता. तिने तो घट्ट बंद केला.

"नासाडी व्हते," ती म्हणाली.