गार इंजिनाचा आवाज

ज़ुलीखाची गाडी रोज सकाळी टकटक करायची, आणि ते तिच्याखेरीज कुणालाच ऐकू येत नव्हतं.

कॉन्स्टंटाइन शहराच्या उतारावरल्या गल्लीत ती एकटी राहायची. सगळी गल्ली तिला 'खालती' म्हणायची, म्हणजे मावशी. आयुष्यभर सुईणपण केलं, याच गाडीत बसून. डोंगरातल्या रस्त्यांवर माणसं मारली जात होती त्या वर्षांतही ती रात्रीबेरात्री निघायची. नाक्यावरच्या सैनिकाने अडवलं तर म्हणायची, "बाळाला जाऊन सांग, संचारबंदी आहे म्हणून."

आता अडवणारा घरचाच होता. हिवाळ्यात गाडीतला हीटर लावला की तिचं डोकं दुखायचं. मुलगा लुत्फी म्हणाला, "यम्मा, आवाज तुझ्या कानात आहे आणि दुखणं तुझ्या वयात. शुक्रवारी नमाजानंतर गाडीला गिऱ्हाईक आणतो. किल्ल्या काढून ठेव."

ती तडक खालच्या बाजारात बूजेमआच्या गॅरेजमध्ये गेली. त्याने बॉनेट उघडलं, कान लावला. काहीच नाही.

"खालती, इंजिन घड्याळासारखं चाललंय."

"घड्याळासारखंच! टकटक करतं म्हणून तर आले."

"मग ठेवून जा. सकाळी बघतो."

"इथे ठेवली तर लुत्फी इथूनच विकेल. तुम्ही दोघं एका शाळेतले."

घरी येऊन ती बंद गाडीत बसून राहिली. बॉनेटखाली तापलेलं लोखंड आक्रसत होतं, जुन्या घराचे सांधे रात्री बोलतात तसं. मग तिच्या ध्यानात आलं. गॅरेजपर्यंत जाईतो गाडी तापते. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज मरतो. बायका दवाखान्याच्या दारात पोचल्या की कळा थांबतात, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इंजिन सुरूच केलं नाही. शेजाऱ्यांना हाका मारल्या, मागच्या बंपरला दोर बांधला, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि ब्रेक दाबत गाडी उतारावरून सोडली. मागे दोर ताणून धरत गडी घसरत होते.

कॉफीच्या दुकानातून कुणी ओरडलं, "खालती, अंत्ययात्रा कुणाची?"

"अजून ठरायचंय. तू मोकळा आहेस का?"

गॅरेजच्या दारात तिने किल्ली फिरवली. टक्, टक्, टक्. बूजेमआच्या हातातला पाव तसाच राहिला.

सिगारेट पेटवून त्याने ती इंजिनाच्या कडेला धरली, जिथे धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड इंजिनाला जोडलेला असतो. शेवटच्या सांध्यापाशी सिगारेटचा धूर झटक्याझटक्याने उडू लागला. खाली काजळीचा काळा फराटा होता.

"इथे फुंकतोय," तो म्हणाला. "आणि हीटरची हवा इथूनच आत जाते. खालती, तू विष हुंगत होतीस."

"मी हुंगत होते. तुम्ही काय करत होतात?"

 गंजलेल्या नटांवर तेल सोडून ते मुरेपर्यंत तो चहा प्यायला. नट धरणारा एक स्टड आतच तुटला होता. तो काढताना त्याने दिवसभर शिव्या घातल्या, सगळ्या तिच्या कानांआड. काचेवर पॉलिश पेपर पसरून मॅनिफोल्डचं वाकडं तोंड सपाट होईतो घासलं, सांध्यातली फट बुजवणारं नवं गॅस्केट बसवलं आणि गुरुवारी संध्याकाळी गाडी तिच्या दारात आणून लावली.

शुक्रवारी लुत्फी गिऱ्हाइकाला घेऊन आला. रात्रभर गारठलेलं इंजिन तिने सुरू केलं. एकसारखी, मऊ घरघर.

लुत्फी हसला. "बघ यम्मा. कुठे आहे आवाज? मी काय सांगत होतो?"

जळकं गॅस्केट मागच्या सीटवर पडलं होतं. ते दाखवायला तिचा हात गेला आणि अर्ध्यावरून परत आला. ज्याने ऐकलंच नाही, त्याच्यापुढे पुरावे मांडून ती कसली परवानगी मागणार होती?

"झकास चालतेय," गिऱ्हाईक म्हणालं. "घेतो मी."

"मी विकत नाही," ती म्हणाली.

"यम्मा, मी शब्द दिलाय!" लुत्फीने खिडकीतून हात पुढे केला. "आण इकडे किल्ल्या."

"शब्द तू दिलास, तूच पाळ. तुझी गाडी दे त्याला." तिने गिअरचा दांडा पुढे ढकलला. "हात काढ. काच वर करतेय."

त्याने हात काढला. गाडी चढाला लागली.